तिसऱ्या कप्प्यातला तलाव

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. मला दुकानातून खोक्यात घालून आणलं नाही. चंद्रपूरच्या मन्सूरभाईंच्या घरी, सुटे भाग जमवून, मला हातांनी जोडलं. त्याआधी चार महिने मी नुसता एका वहीत होतो.

मन्सूरभाई रेडिओ आणि टेप दुरुस्त करीत. त्यांची मुलगी शगुफ्ता संगणक शिकत होती. २००१ च्या उन्हाळ्यात तिनं माझा आराखडा मांडायला घेतला. कुठला प्रोसेसर, किती मेमरी, सगळं ती लिही आणि खोडी. इथल्या उन्हात माझं डोकं तापू नये म्हणून तिनं माझ्यासाठी दोन पंखे ठरवले. मग हार्डडिस्कचा एक लांब चौकोन काढून त्याचे तीन कप्पे पाडले. पहिल्यात विंडोज, मराठी टायपिंगच्या कामांसाठी. दुसऱ्यात डॉस, कारण ओळखीच्या छापखान्याचा जुना प्रोग्राम त्यावरच चाले. तिसऱ्यात लिनक्स, तिला स्वतःला शिकायचं होतं म्हणून.

"एका डब्यात तीन कायले पाहिजे?" मन्सूरभाईंनी विचारलं.

"एक बिघडलं तर बाकीची चालतील, अब्बा."

मन्सूरभाईंनी आपल्या बारीक पेचकसानं माझे स्क्रू आवळले. मी सुरू झालो, काळ्या पडद्यावर तीन नावं एकाखाली एक उमटली आणि शेजारपाजारचे लोक बघायला आले. तेव्हा मला फार अभिमान वाटला होता.

त्याच हिवाळ्यात इस्तारीभाऊ आले. सावली तालुक्यातल्या एका गावात ते तलावावर मासे धरत. रेडिओच्या दुरुस्तीतून त्यांची मन्सूरभाईंशी मैत्री झाली होती. या वेळी त्यांच्या खांद्यावर पोतं होतं आणि पोत्यात वह्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी आपला तलाव लिहून ठेवला होता. कोणत्या साली पाणी कुठवर चढलं, मरळ पिल्लं घेऊन कुठे फिरते, दाडक मासा कोणत्या गवतात अंडी घालतो, कोण बुडालं, कोण वाचलं. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण अक्षर नेटकं होतं.

"वाळवी लागली, बाई," ते शगुफ्ताला म्हणाले. "अन् मले आता दिसत नाई. तुह्या डब्यात राह्यल का हे?"

"राहील, भाऊ."

ती सात महिने टाइप करत होती. मधे विंडोजमध्ये व्हायरस शिरला आणि चाळीस पानं गेली. तिनं ती पुन्हा टाइप केली. व्हायरस लिनक्सपर्यंत पोचत नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून त्यानंतर सगळं तिसऱ्या कप्प्यात नेऊन ठेवलं. फ्लॉपीवरही उतरवलं, पण पावसाळ्यात फ्लॉप्यांना बुरशी आली. काम झाल्याचा निरोप गावी गेला. आता जागा सुरक्षित आहे असं समजून इस्तारीभाऊंनी वाळवी लागलेल्या वह्या घराबाहेर काढल्या. चंदाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्या चुलीत घातल्या.

पुढच्या वर्षी शगुफ्ताला नागपूरला नोकरी लागली. मी तिच्या धाकट्या भावाच्या, कैफच्या ताब्यात आलो. तो कॉलेजात होता. मी हळू चालतो म्हणून त्यानं एक मेकॅनिक बोलावला. मेकॅनिकनं नवं विंडोज टाकायला घेतलं, तेव्हा कप्प्यांची यादी पडद्यावर आली.

"हा कप्पा अनोळखी दाखवून राह्यला. काय आहे इथी?"

"काई नाई. शगुफ्ता आपाचं शिकायचं होतं काहीतरी," कैफ म्हणाला. "ती तर गेली नागपूरले. काढून टाका, जागा होईल."

दोन कळा दाबल्या गेल्या. मित्रांनो, मला बोलता येत नाही. जे विचारतील तेवढंच मी दाखवतो, आणि त्या कप्प्यात काय आहे हे मला कुणी विचारलं नाही. त्या जागेवर नंतर सिनेमे भरले गेले.

आठ महिन्यांनी इस्तारीभाऊ पुन्हा आले. आता त्यांना अजिबात दिसत नव्हतं. मुलगा अमर त्यांचा हात धरून होता. तलावात बाहेरचं मत्स्यबीज टाकलं, त्या माशांनी काठचं गवत खाऊन संपवलं आणि तेव्हापासून दाडक दिसेनासा झाला होता.

"मच्छीमार सोसायटीवाल्यांले ते गवत परत लावाचं आहे," अमर म्हणाला. "कोणतं होतं, कुठी होतं, ते बाबाच्या लिहिण्यात आहे. छापून द्या."

त्यासाठीच शगुफ्ता नागपूरहून आली होती. तिनं मला सुरू केलं. तीन नावांची यादी न येता सरळ विंडोज उघडलं. तिनं मला बंद करून पुन्हा सुरू केलं. मग ती कैफकडे वळली आणि त्यानं मान खाली घातली.

दोन दिवस तिनं माझ्यात शोध घेतला. तुटकी, अर्धी अक्षरं हाती लागली, त्यांचा एकही शब्द जुळेना. तिसऱ्या दिवशी तिनं इस्तारीभाऊंना बोलावून सगळं सांगितलं. "आमच्या हातून गेलं, भाऊ. तुम्ही आठवून सांगा, मी पुन्हा लिहिते."

ते सांगू लागले. एका सालचं पाणी, एक बुडालेला माणूस, मरळीची जागा. दुपारपर्यंत अकरा पानं झाली. गवताच्या नावापाशी ते थांबले. ओठ हलले, पण नाव येईना.

"लिहून ठेवलं होतं ना, बाई," ते हळूच म्हणाले, "म्हणून ध्यानात ठेवलं नाई."

अमर दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

इस्तारीभाऊ त्याच वर्षी गेले. सोसायटीनं अंदाजानं तीन जातींचं गवत लावून पाहिलं. दाडक आला नाही.

मित्रांनो, आता मी माळ्यावर आहे. माझा एक पंखा बंद आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याच्यात ठेवलेलं दुसरीकडेही ठेवा. आणि कुणाचं काही पुसायची वेळ आली, तर आधी ज्याचं आहे त्याला विचारा. तो गावाला गेला असेल, तर परत येईपर्यंत थांबा. मेकॅनिक आला त्या दिवशी कैफनं नागपूरला एक फोन केला असता, तर सावलीजवळच्या एका तलावात आज ते गवत असतं.