गेट्टीमेळम्

पन्नीरसेल्वमने स्टेजवरचा माइक बंद केला, वायर उपटली आणि ती कोपरावर गुंडाळत खाली उतरला. तो नवरीचा मामा. भरल्या कार्यालयात एवढ्या सकाळी तो एकटाच घामाघूम होता.

"अण्णा," तविलचा ढोल पुढ्यात घेऊन बसलेल्या कालियपेरुमाळजवळ तो उकिडवा बसला, "मी बोट वर केलं की सुरू. बोट खाली येईपर्यंत थांबायचं नाही. काही म्हणजे काही ऐकू येता कामा नये."

"मेळ वाजतो तो त्यासाठीच."

"आज जरा जास्त."

तो गेला तसा शेजारी बसलेला तिरुज्ञानम हसला. तो सनईसारखा लांब नागस्वरम वाजवायचा. कालियपेरुमाळच्या बायकोचा भाऊ.

"ऐकलंत का, मच्चान? बारा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मोठ्याने वाजवा म्हणालं. नाहीतर तो फोटोवाला. हळू, हळू! जसं काही घरात बाळ झोपलंय."

"शेवटच्या लग्नात का होईना, म्हणालं."

बिनलग्नाचा आडी महिना लागला की कालियपेरुमाळ पेट्रोलपंपावर कामाला जाणार होता. बोलणं झालं होतं. तरी आता तो उगाचच ताठ बसला, आणि तविलचा पट्टा पुन्हा एकदा आवळून घेतला.

गेट्टीमेळम् म्हणजे एवढंच. नवरीच्या गळ्यात ताली, म्हणजे मंगळसूत्राचा दोरा, बांधताना शिंक, कावळा, एखादं वेडंवाकडं बोलणं, काहीही कानावर पडू नये म्हणून कडाडून वाजवायचं. वडील म्हणायचे, राग-बिग सगळी वरकमाई. आपलं खरं काम हे.

वरच्या खोलीची कडी वाजली. कडी बाहेरून होती.

नवरीला, पूवळगीला, दोन बायकांनी कोपरांना धरून आणलं. दोघी खूप हसत होत्या. तिसऱ्या पायरीवर ती थांबली, तर तिला जवळजवळ उचलूनच पुढे नेलं.

तिरुज्ञानमने नागस्वरमची पाती ओठांत धरली आणि सोडली.

"पोरीला बरं नाही का हो?"

"वाजव."

बोट वर गेलं.

तकधिमि तकजुनु. असं त्याने कित्येक वर्षांत वाजवलं नव्हतं. डाव्या हातातली काठी पडत नव्हती, कातड्यावरून उडत होती. म्हातारे माना डोलवू लागले. फोटोवाल्यानेसुद्धा वळून पाहिलं. पेट्रोलपंप कुठच्या कुठे राहिला. वडील असते तर

तकधिमि

हळदीचे तांदूळ उडाले. नवरदेवाचे हात तिच्या मानेमागे गेले.

तिचे ओठ हलले.

तकधिमि तकजुनु

ती बापाकडे वळली. ओठ पुन्हा हलले. बाप तांदूळ

तकजुनु तकधिमि

टाकत राहिला. तिच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. म्हणजे ती

तकधिमि तकजुनु तकधिमि तकजुनु

ओरडत होती. मग हा आवाज कुठून येतोय ते तिने शोधलं, आणि तिची नजर कालियपेरुमाळवर येऊन थांबली.

पन्नीरचं बोट वर.

काठी हवेतच राहिली.

नागस्वरम दोन सूर एकटा पुढे गेला आणि कोलमडला. नवरदेवाच्या बोटांत पिवळा दोरा तसाच, गाठीविना. एवढी माणसं, आणि ऐकू येत होते ते फक्त पंखे.

"अण्णा!" पन्नीरचा आवाज चिरकला. "वाजवा!"

मागे कोणीतरी कार्यालयाचं दार आतून लावून घेतलं. खुर्च्या सरकवत दोन माणसं पुढे यायला लागली.

"मच्चान," तिरुज्ञानम खालच्या आवाजात म्हणाला, "आपल्याला इथून घरी जायचंय. दोन पायांवर."

कालियपेरुमाळने उजवा हात मांडीवर घेतला आणि अंगठ्यावरचं टोपण पिरगाळलं. कापडाच्या पट्ट्या आणि भाताची खळ, वाळून दगड झालेली. त्या टोपणांशिवाय तविलला आवाज नाही, आणि पाचही बोटांवर ती नीट बसवायची म्हणजे अर्धा तास. मुहूर्त साडेसातपर्यंतचा होता. भिंतीवरच्या घड्याळात सात एकवीस झाले होते.

एक निघालं. दुसरं.

माणसं स्टेजपाशी पोचली. त्याने मान वर केली नाही. तिसरं टोपण घट्ट बसलं होतं. तो ते हळूहळू फिरवत राहिला.

समोर पूवळगीने घसा साफ केला.