केरसुणीवरची म्हातारी

"कागद उचलताना पालथा करून उचलायचा. सटवाईनं काय लिहिलं ते आपण बघायचं नसतं." माझ्या सासूबाई प्रत्येक पाचवीला हे सांगायच्या. त्या सकाळी सरूबाईंनी अगदी तसंच केलं. पाट्यावरचा कोरा कागद पालथा करून उचलला, आणि किंचाळल्याही नाहीत, नुसता हातातून खाली सोडून दिला.

पाठीमागच्या बाजूला चित्र होतं. मोठा पिवळा चंद्र, त्यावरून केरसुणीवर बसून चाललेली टोकदार टोपीची म्हातारी, तिच्यामागं काळं मांजर, आणि खाली दात काढून हसणारं डांगर.

"माज्या हातानं कोरा ठेवला व्हता मी," त्या म्हणाल्या.

प्रतिभा माझ्या थोरल्या बहिणीची लेक. बहीण गेल्यापासून निमगाव साव्यातलं आमचं घर हेच तिचं माहेर, म्हणून पहिलं बाळंतपण इथंच झालं. मुलगी झाली. सरूबाई तिच्या सासूबाई, पाचवीसाठी पेठहून आलेल्या. संध्याकाळी पूजा मांडताना लोडशेडिंगमुळे लाईट नव्हती. कागद मिळेना, तेव्हा त्यांनीच फळीवरच्या पिशवीत हात घालून एक जाड पांढरा कागद काढला होता.

पिशवी माझ्या समृद्धीची. ती जुन्नरला कॉलेजात जायची. सायबर कॅफेतून जुन्या परदेशी पोस्टकार्डांची चित्रं छापून आणायची, जाड कागदावर चिकटवायची, कडेनं जरीचा दोरा लावायची. मग ती आपल्या चिकटवहीत लावून खाली मनातल्या चार ओळी लिहायची.

"काकू, ते माझं चित्र आहे," ती म्हणाली. "त्यांच्याकडं भुतांचा सण असतो. शंभर वर्षांपूर्वी लोक एकमेकांना अशी कार्डं पाठवायचे. गंमत म्हणून."

"गंमत? त्या बायकांना बसाया लक्षुमीच घावली व्हय?"

समृद्धीनं पिशवी जमिनीवर ओतली. घुबडं, फुलं, बाहुल्या, टोपल्यांतली मांजरं. "बघा ना, सगळी अशीच आहेत."

सरूबाईंनी खरंच वाकून पाहिलं. एकेक कागद बोटानं सरकवला.

"चित्र तुझं आसंल, पोरी. मी न्हाई म्हनत न्हाई. पर फुलं व्हती, बाहुल्या व्हत्या. अंधारात माज्या हाताला हीच का लागली?"

केरसुणीला चुकून पाय लागला तर मी हात जोडते. मलाही ते चित्र बघवत नव्हतं.

प्रतिभानं बाळाला पदराखाली ओढलं आणि सासूला विचारलं, "आत्या, ह्यांना काय सांगायचं?"

"मोहितला मी सांगन. तू अन् पोरगी हितंच ऱ्हावा. बारसंबी हितंच उरका. पुढचं पुढं बघू."

असं 'पुढचं पुढं' म्हणून माहेरी सोडलेल्या बायका मी पाहिल्या होत्या. प्रतिभानंही पाहिल्या होत्या. ती रडली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली.

"सरूबाई," मी म्हणाले, "सटवाईनं लिहिलेलं कुणाला दिसतं का?"

"न्हाई."

"हे तर आपल्या सगळ्यांना दिसतंय."

बाळ कुरकुरलं, तसा सरूबाईंचा हात आपसूक पुढं आला आणि अर्ध्यातच थांबला.

"तुमी नेमाधर्माच्या," त्या हळू म्हणाल्या. "तुमचा शबुद मी खाली पडू देनार न्हाई. पर उद्या पोरीला काय झालं, माज्या लेकाला काय झालं, तर? तवा कुनाला इचारू?"

"मला."

"बोलनं सोपं आसतं, विहीणबाई."

"मग ओढ्याकाठच्या सटवाईच्या ठाण्यावर जाऊन बोलते. पोरीच्या कपाळी काही वाईट असेल तर ते माझ्या पदरात घाल, असं देवीसमोर म्हणते. तोवर पाणी पिणार नाही."

सरूबाईंनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "त्ये मागं घेता येत न्हाई."

"ठाऊक आहे."

"तुमी तसं बोलून आलात, तर सव्वा म्हैन्यानं मी सोता येऊन दोघींना न्हेईन. मोहित काय म्हनंल ते म्हनंल."

प्रतिभानं डोळे मिटले.

मी आत गेले. ताटात खण, नारळ, हळदकुंकू घेतलं. समृद्धी मागोमाग आली आणि दारात आडवी उभी राहिली.

"आई, चित्र आहे ते नुसतं. तूच आत्ता म्हणालीस."

"हो."

"मग स्वतःवर कशाला घेतेस? काही नसेलच तर घेण्यासारखं काय आहे?"

"नसेल तर मला काही होणार नाही."

"आणि असेल तर?"

तिचा चेहरा पांढरा पडला होता. इतकी शिकलेली पोर, पण तो प्रश्न तिच्या तोंडून निघून गेला होता आणि तो तिलाही ऐकू आला होता. मी तिच्या गालावरून हात फिरवला. माझाच हात गार लागला असावा, कारण ती दचकली.

"प्रतिभाला गरम पाणी दे," मी म्हणाले. "बाळाला वाऱ्याला ठेवू नको."

ती बाजूला झाली. ओसरीवर सरूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. मी चपला तशाच राहू दिल्या, डोक्यावर पदर घेतला आणि ओढ्याच्या वाटेला लागले.