आटवलेलं पाणी

संस्कृतीची उंची तिच्या मनोऱ्यांवरून नव्हे, शोषखड्ड्यांवरून मोजावी, असं खड्डेमास्तरांचं ठाम मत होतं. ते त्यांनी मांडलं तेव्हा ते स्वतः कमरेइतक्या खड्ड्यात उभे होते आणि श्रोता म्हणून काठावर एक कोंबडी होती. तीही गांडुळाच्या आशेने आलेली.

माती तपासणं हा त्यांचा धंदा. संडासाच्या टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत नीट मुरेल की नाही, हे ते सांगत. आज गिऱ्हाईक म्हणजे लेकीचे सासरे. या व्याह्यांनी घरामागच्या चढावर भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या आणि शोषखड्डा कोणालाही न विचारता खणला होता. आता आणखी खोल्या काढायच्या, म्हणून घरचा माणूस आठवला.

मास्तरांनी चाचणीचा हा खड्डा कालच खणून भिजवून ठेवला होता. आज त्यात खुणेपर्यंत पाणी ओतलं, पट्टी धरली आणि घड्याळाकडे पाहिलं. नजर परत येईतो पाणी गायब.

"वा!" व्याह्यांनी काठावरून टाळी वाजवली. "कशी गटागट पिते बघा! अशी जमीन मिळायला नशीब लागतं."

"पिते खरी, पण गाळत नाही," मास्तर म्हणाले. "माती कशी, सावकाश मुरवणारी हवी. ही नुसती रेती. वर ओतलं की थेट खाली."

"खाली म्हणजे कुठे?"

मास्तरांनी बोट दाखवलं. उताराच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराशी, घरची विहीर होती.

"काहीतरीच तुमचं! काचेसारखं पाणी आहे. वास नाही, चव नाही."

"मैल्यातून उतरणाऱ्या नायट्रेटला नसतेच," मास्तर पुटपुटले आणि खड्ड्यातून वर आले.

विहिरीच्या पाण्यात त्यांनी तपासणीची पट्टी बुडवली. ती गुलाबी झाली, मग आणखी गडद होत होत डबीवरच्या शेवटच्या रंगाशी जाऊन बसली. मोठ्यांचं एक वेळ निभावतं. पण तान्ह्या बाळाच्या पोटात हे गेलं, की त्याचं रक्त प्राणवायू वाहीनासं होतं, बाळ निळं पडतं. आणि घरात लेकीची तान्ही होती, पावडरीच्या दुधावर.

ते चिखलाच्या बुटांसकट स्वयंपाकघरात घुसले. मुलीच्या बापाने त्या घरात एवढं धाडस पहिल्यांदाच केलं.

"बाळाचं दूध कोणत्या पाण्यात कालवता?"

"विहिरीच्या," विहीणबाई गॅसवर आटणाऱ्या पातेल्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "पण आमच्याकडे हयगय नाही हं. पातेलंभर पाणी निम्मं होईतो आटवते. तुमच्या लेकीला गॅसला हातसुद्धा लावू देत नाही. ती पडली घाईची."



"विहीणबाई, उकळून जंतू मरतात. विहिरीत शोषखड्ड्यातलं नायट्रेट उतरलंय, हे जंतू नाहीत. वाफ होऊन पाणी उडतं, हे मागेच राहतं. पाणी निम्मं झालं की हे दुप्पट."

"म्हणजे मी नातीला विष पाजते?"

"मी तसं म्हटलं नाही."

"शब्द सोडून सगळं म्हणालात!"

तेवढ्यात लेक बाळाला घेऊन दारात आली. "बाबा, परवापासून हिचे ओठ कसेतरीच दिसतात. आई म्हणतात, गारठ्याने."

मास्तरांनी बाळाला खिडकीशी नेलं. जन्मभर मातीच्या रंगावरून निकाल देणाऱ्या माणसाला नातीच्या ओठांचा रंग ओळखावासा वाटेना. नखंही तशीच होती, पाटीच्या रंगाची.

"डॉक्टरकडे. आत्ताच्या आत्ता. आणि या पाण्याचा थेंबही नको."

व्याही गाडीची किल्ली शोधू लागले. ती त्यांच्या हातातच होती. खोल्यांचा विषय कोणी काढला नाही. लेक बाळाला छातीशी धरून गाडीत बसली. मागोमाग विहीणबाई निघाल्या आणि उंबऱ्यात थबकल्या. आता रडतील की तोडतील, या धास्तीने मास्तर भिंतीला टेकले.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तेवढा गॅस बंद करा."