रेघेची गोळी

आमच्या मशीनला बसव्वा नवरदेव म्हणायची. औषधांच्या दुकानामागच्या खोलीत एसी होता तो मशीनसाठी. बायका बसायच्या त्या दाराबाहेर, पंख्याखाली.

"नवरदेवाला गारवा, वऱ्हाडाला वारा," बसव्वा म्हणायची. "आन् घास भरवायचा आमीच."

घास भरवणं हे खरं होतं. मशीन आपोआप चालतं असं जाहिरातीत लिहिलेलं असलं तरी ते पट्टीतून गोळी काढू शकत नाही. आपल्याकडं औषधं पट्टीत येतात. पट्टीतली गोळी अंगठ्यानं दाबून वाटीत पाडायची, वाटी मशीनवरच्या त्या-त्या डबीत ओतायची, मग पुढचं काम मशीनचं. एका रोग्याच्या सकाळच्या सगळ्या गोळ्या एका पारदर्शक पुडीत, रात्रीच्या दुसऱ्या पुडीत, वर नाव, तारीख आणि वेळ छापलेली. पुड्यांची माळच बाहेर येते. रोग्यानं रोज एक-एक तोडायची.

गोळ्या पाडायला दुकानाच्या मालकांनी, गुरुशांतअण्णांनी, चार बायका ठेवल्या होत्या. चौघीही आधी विड्या वळायच्या. अण्णांचं म्हणणं, सोलापुरात असली बोटं दुसऱ्या कुणाची नाहीत. ते खरंच होतं. शबानाखालांनी बावीस वर्षं विड्या वळल्या होत्या. पट्टी हातात घेतली की दहा गोळ्या पडायला त्यांना चार सेकंद लागायचे. मी मोजले होते.

मी बी. फार्म. झाले आणि मशीन सांभाळायला इथं लागले. बायकांना माझं मोजणं चमत्कारिक वाटायचं. माझ्याकडं कॉलेजातली व्हर्निअर मोजपट्टी होती. प्रत्येक नव्या गोळीचा व्यास मी मोजून वहीत लिहायची. शबानाखाला म्हणायच्या, "अर्शी बेटा, निकाहला मुलगा बघशील तेव्हा ही पट्टी घेऊन जा हां."

नियमही मीच केला होता. साठ पट्ट्या दिल्या तर वाटीत सहाशे गोळ्या भरल्या पाहिजेत. कमी भरल्या तर शोधायच्या, तुटली असेल तर तुकडे दाखवायचे, आणि जिच्या वाटीत कमी तिचं नाव दिवसभर फळ्यावर. शिक्षा काही नव्हती, नुसतं नाव. पहिल्या महिन्यात रोज नावं लागायची. दुसऱ्या महिन्यापासून फळा कोरा राहायला लागला. मी अण्णांना तो कौतुकानं दाखवला होता.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी बायकांच्या टेबलावरचं रबरी मॅट धुवायला उचललं. भिंतीकडच्या कडेला, मॅटच्या घडीत चार पांढऱ्या गोळ्या होत्या. छोट्या, गोल, गुळगुळीत. बीपीच्या. सोमवारी बसव्वानं पाडलेल्या.

मी वही काढली. सोमवार, बसव्वा, बीपीची गोळी, सहाशेपैकी सहाशे.

चार गोळ्या कमी भरल्या असत्या तर त्याचा अर्थ लागला असता. पण डबीत सहाशे गेल्या होत्या आणि चार इथं होत्या. म्हणजे डबीतल्या चार गोळ्या दुसऱ्याच कुठल्या तरी होत्या.

"बसव्वा, सोमवारी तुमची वाटी बरोबर भरली होती?"

बसव्वानं शबानाखालांकडं पाहिलं. खालांनी हातातली पट्टी खाली ठेवली.

"चार कमी होत्या तिच्या," त्या म्हणाल्या. "तिचं नाव लागलं असतं. मागच्या आठवड्यात पण लागणार होतं, तेव्हा दोघी एकच गोळी पाडत होतो. माझ्याकडं मोजून झाल्यावर एका जादा पट्टीतल्या चार उरल्या होत्या, त्या घातल्या मी."

"कुठल्या?"

"पांढऱ्याच की. तसल्याच."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, जणू मलाच काही माहीत नव्हतं. विडीचा कट्टा पंचवीसचा. कारखान्यात एक जरी विडी कमी निघाली तरी अख्खा कट्टा छाट, म्हणजे नापास. म्हणून देताना शेजारणीचा कट्टा कमी असला की आपल्या सुपातल्या चार विड्या तिच्यात घालायच्या. उद्या ती आपल्यात घालते. "ह्याला आम्ही चोरी नाही म्हणत बेटा. विडीत विडी जाते."

"खाला, तुम्ही सोमवारी काय पाडत होता?"

त्यांना नाव आठवत नव्हतं. पट्टीचा रंग आठवत होता. हिरवी, मागं चंदेरी. मी वहीत पाहिलं. साखरेची गोळी. मधुमेह्याच्या रक्तातली साखर उतरवणारी, त्यातली जुनी आणि जोरकस. ज्याला मधुमेह नाही, त्यातून म्हातारा, किडनी अधू, अशा माणसाची साखर एक गोळीसुद्धा दिवसभर पाडून ठेवू शकते. बीपीची गोळी तर आमच्याकडं जवळजवळ सगळेच म्हातारे घेतात.

मशीन प्रत्येक पुडीचा फोटो काढून ठेवतं. त्याचा कॅमेरा गोळ्या मोजतो, रंग आणि आकार ढोबळ पाहतो. पांढरी गोल छोटी गोळी त्याला पांढरी गोल छोटीच. पण मला फरक माहीत होता, वहीत लिहिलेला होता. साखरेच्या गोळीला एका बाजूनं मधोमध रेघ असते. बीपीच्या आमच्या गोळीला रेघ नाही.

आधी डबीत उरलेल्या गोळ्या ओतून पाहिल्या, त्यांत रेघेची एकही नव्हती. सोमवारपासून बीपीच्या गोळीच्या दोनशे अकरा पुड्या निघाल्या होत्या. मी संगणकावर एक-एक फोटो मोठा करून बघायला लागले. वीस मिनिटांत दोन सापडल्या, दोन्ही पुड्या अजून आमच्याच कपाटात होत्या. तिसरी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका निवृत्त वॉचमनकडं गेलेली, पण तारीख पुढच्या रविवारची. त्यांना फोन करून ती पुडी कात्रीनं कापून बाजूला ठेवायला सांगितली.

चौथी दिसेना. म्हणजे ती फोटोत पालथी पडली होती, रेघ खाली.

खाला माझ्या पाठीमागं उभ्या होत्या. "बेटा, सगळ्यांनाच फोन कर ना. चौघी मिळून करू."

"काय सांगायचं सगळ्यांना? तुमच्या पुडीत कदाचित चुकीची गोळी आहे? सगळे म्हातारे औषधच बंद करतील. आधी नक्की कळू दे."

हे मी म्हणाले तेव्हा घड्याळात पावणेअकरा झाले होते. वॉचमनना केलेल्या फोनची वेळही नंतर पाहिली, म्हणून नेमकी सांगता येते.

साखरेची गोळी बीपीच्या गोळीपेक्षा किंचित मोठी, मिलीमीटरच्या अर्ध्यानं. पुडीच्या कडेची छपाई ठरावीक रुंदीची असते. तिच्याशी ताडून फोटोतली प्रत्येक गोळी मोजता येत होती. मी मोजायला बसले. खरं सांगायचं तर त्या चाळीस मिनिटांत मी घाबरलेली नव्हते. कोडं सुटत आलं की जसं वाटतं तसं वाटत होतं.

एकशे चौसष्टावी पुडी. वीरभद्रप्पा, मंद्रूप. गुरुवार, सकाळी साडेसात.

आजची.

वीरभद्रप्पांना मी पाहिलं नव्हतं, त्यांच्या बायकोला ओळखत होते. गुरम्मा आज्जी. सहा महिन्यांपूर्वी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा पदराच्या गाठीत औषधाच्या पट्ट्या बांधून आणल्या होत्या. अक्षरओळख नाही, पण नवऱ्याच्या सातही गोळ्या त्यांना पाठ. लाल पट्टीची जेवणाआधी. चंदेरी मोठी रात्री. निळ्या अक्षरांची लघवीची, ती सकाळीच, न्हाईतर रातभर उठतात. मी त्यांच्यासमोर पुड्यांची माळ धरली. त्यांनी एक पुडी उजेडाकडं करून पाहिली.

"आगं बाई, हितं समद्या उघड्याच की. मला कळनार कसं कुटली कशाची?"

"आता तुम्हाला कळायची गरजच नाही, आज्जी," मी हसून म्हणाले होते. "तोडायची आणि द्यायची. मशीन चुकत नाही."

फोन पाचव्या घंटेला उचलला गेला.

"आज्जी, मी अर्शी, दुकानातली. आजोबांनी सकाळची पुडी घेतली?"

"घेतली की. साडेसातलाच."

"आत्ता काय करतायत?"

"झोपल्यात मालक. निम्मी भाकर खाल्ली, घाम आला म्हनले आन् आडवे झाले. लई दिसांनी एवढी गाड झोप लागली बगा."

"हलवून उठवा त्यांना. आत्ता. फोन चालू ठेवा."

पलीकडं आज्जींनी हाक मारलेली ऐकू आली. मग आणखी मोठ्यानं. मग कानडीत. मग फोनवर नुसता कोंबडीचा आवाज येत राहिला.

पाणी पाजू नका, घशात अडकेल. एका कुशीवर वळवा. साखर ओली करून गालाच्या आत, हिरड्यांवर चोळा, असं मी सांगत गेले. खालांनी दुसऱ्या फोनवरून रुग्णवाहिका बोलावली. पत्ता सांगताना त्यांचा आवाज एकदाही हलला नाही. फोन ठेवल्यावर मात्र त्या टेबलाखाली वाकून काहीतरी शोधल्यासारखं करत बसल्या.

रुग्णवाहिका पोचायला पन्नास मिनिटं लागली. सोलापूरच्या इस्पितळात आणलं तेव्हा साखर बावीस होती, हवी सत्तरच्या वर. सलाईनमधून साखर दिली, ती वर आली, पुन्हा उतरली, पुन्हा दिली. दीड दिवस हेच. तिसऱ्या दिवशी वीरभद्रप्पांनी डोळे उघडले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मेंदू किती वेळ उपाशी होता ह्यावर सगळं असतं. साडेअकराच्या ऐवजी पावणेअकराला फोन केला असता तर, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही. मला आकडा हवा होता. तो कुणाकडंच नव्हता.

आज्जी इस्पितळाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, वाटी, मॅट, चार गोळ्या, माझा फोन. त्या ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या,

"गोळीवर रेग हुती."

"काय?"

"मी हातात धरली हुती. तुमच्या पुड्यातली पांढरी न्हेमी कोरी असती. त्या दिशी रेग हुती. म्हनलं इचारावं का? मग म्हनलं, ताई म्हनल्या हुत्या, कळायची गरज न्हाय. मशीन चुकत न्हाय." त्यांनी पदर तोंडाला लावला. "मालक म्हनले, दे की आता, हातात धरून काय बगतीस."

मशीनच्या कॅमेऱ्याला जे दिसलं नव्हतं, ते ह्या बाईनं चुलीच्या उजेडात पाहिलं होतं.

गुरुशांतअण्णांनी औषध खात्याला कळवलं. लपवायचं नाही, एवढं ते ठामपणे म्हणाले. अहवाल मी लिहायचा होता. 'चूक कशी घडली' ह्या रकान्यात मी आधी फळ्याचा नियम लिहिला, मग पावणेअकराची वेळ. अण्णांनी वाचून विचारलं, "आणि गोळ्या कुणी घातल्या ते?"

शबानाखाला दारातच होत्या. "माझं नाव लिही बेटा," त्या म्हणाल्या. "पूर्ण लिही. अर्धं नक्को."

मी लिहिलं. त्या दिवसानंतर त्या आल्या नाहीत. अण्णांनी काढलं नव्हतं. मी घरी गेले, तर त्यांच्या सुनेनं सांगितलं, खाला पट्टीला हात लावू शकत नाहीत. आत त्या जाग्याच होत्या, मला त्यांची सावली दिसली. मी परत आले.

फळा मी पुसला, मग खिळ्यावरून काढूनच टाकला. नावं लागणार नाहीत, कमी भरली तर फक्त सांगा, असं तिघींना सांगितलं. पुढच्या सोमवारी बसव्वाची वाटी दोननं कमी भरली. तिनं हात वर करून सांगितलं. शेजारच्या दोघींनी आपापल्या वाट्या पोटाशी ओढून घेतल्या आणि खाली बघत राहिल्या. पंख्याखाली फक्त पट्ट्यांचा कट-कट आवाज होता.

गुरम्मा आज्जी एकविसाव्या दिवशी आल्या. पिशवीत उरलेल्या पुड्यांची माळ होती, नीट गुंडाळलेली. ती त्यांनी काउंटरवर ठेवली.

"पट्ट्या द्या. ह्या नगं."

"आजोबा कसे आहेत?"

"घरी आनलं. बघत्यात. मला बघत्यात का भिंतीला ते कळत न्हाय. नाकातनं नळी हाय. गोळ्या कुटून पाण्यातनं घालती."

कुटलेल्या गोळीला रंग उरत नाही, रेघही उरत नाही. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. तरी त्या पट्ट्या मागत होत्या. मी सातही औषधं काढली. त्यांनी एक-एक हातात घेऊन पाठ म्हणून दाखवली, माझ्याकडं न बघता. लाल पट्टीची. चंदेरी मोठी. निळ्या अक्षरांची. शेवटची पट्टी त्यांनी उजेडाकडं धरली.

"ही बीपीची न्हवं?"

"हो."

"रेग न्हाय."

"नाही, आज्जी."

त्यांनी प्रत्येक गोळीवरून बोट फिरवलं, दहाच्या दहा. मग पट्टी उलटी केली. मागं चंदेरी कागद होता.

"दुसऱ्या बाजूला हाय का न्हाय, ते कसं बगायचं?" त्यांनी विचारलं.

मी एक गोळी अंगठ्यानं दाबून बाहेर काढली, काउंटरवर ठेवली, आणि त्यांच्यासमोर पालथी केली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. मग दुसऱ्या गोळीवर बोट ठेवलं.

"ही?"

मी दुसरी काढली.