साहेबांच्या वरचा शनी

हा खेळ ऑफिसात आणला तो मेंग साहेबांनीच. दोन सारखे ग्रह एकमेकांवर ढकलायचे, की त्यांचा एक मोठा ग्रह होतो. असं करत शनीपर्यंत पोचायचं, या खेळात सगळ्यात मोठा तोच. जागा संपली की डाव संपला. साहेब आमच्या टीमचे प्रमुख, त्यामुळे पाण्याचे फिल्टर विकणारी आमची टीम बघता बघता अंतराळात गेली. रोज सकाळी कॉफीच्या आधी साहेबांना ऑक्सिजनची टाकी पाठवायची, म्हणजे त्यांना एक जास्तीचा डाव मिळतो. आणि गुणांच्या यादीत साहेबांच्या खाली राहायचं. हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. देजॉनमधल्याच काय, कोरियातल्या कुठल्याही ऑफिसात ते सांगावं लागत नाही.

निदान मला तरी ते पाळायला हवं होतं. माझं कंत्राट महिनाअखेर संपत होतं, आणि मला कायम करायचं की नारळ द्यायचा हे साहेबांच्या हातात होतं.

पण मला व्यसन लागलं. उगाच गोड शब्द कशाला वापरू. जेवताना एका हातात चमचा, दुसऱ्या हातात गुरू. बसचा स्टॉप मागे जायचा. आई फोनवर गुडघ्यांबद्दल सांगायची आणि मी "हो, हो" म्हणत युरेनस सरकवायचे. खाली राहायचंय हे कळत होतं, पण दोन शुक्र शेजारी आल्यावर ते न जोडणारा माणूस मला अजून भेटायचाय.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझा दुसरा शनी झाला. साहेबांचा एकच होता. नंतरच्या मीटिंगमध्ये साहेबांचा फोन टेबलावर थरथरला. कुणी मागे टाकलं की हा खेळ लगेच कळवतो, नावासकट, वर रॉकेटचं चित्र. साहेबांनी वाचलं, फोन पालथा ठेवला.

"हं," ते म्हणाले. "फिल्टरच्या तक्रारी."

मीटिंग सुटताच शेजारच्या टेबलवरच्या ताक ताईंनी मला गाठलं.

"दा-ओन, तुला कायम व्हायचंय ना गं?"

"हो, ताई."

"मग साहेबांच्या डोक्यावर कशाला जाऊन बसलीस?"

"चुकून झालं."

"दोन-दोन शनी चुकून होतात होय? माझा अजून मंगळ होत नाही."

"माफी मागू का?"

"वेडी आहेस का? माफी मागितलीस म्हणजे त्यांना झोंबलंय हे तुला कळलं, असं होईल."

मी साहेबांना टाक्यांवर टाक्या पाठवल्या. त्यांचा दुसरा शनी काही होईना. माझ्याशी बोलणं "हं"वर आलं. टीमच्या जेवणात मी त्यांच्या पुढ्यातल्या शेगडीवर मांस भाजलं, आदराने दोन्ही हातांनी सोजू दारू ओतली. ते टेबलाखाली फोन बघत राहिले. मिळवलेले गुण कमी करायची सोय खेळात नाही. खातंच पुसावं लागतं. शेवटी मी ते पुसलं. खेळाने रडका अंतराळवीर दाखवून पुन्हा एकदा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं. मला फार वाईट वाटलं. नोकरीच्या काळजीपेक्षा जास्त, हे सांगायला लाज वाटते.

यादीत साहेब पहिले आले. सोमवारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं.

"यादीत दिसत नाहीस."

"खेळ काढून टाकला, साहेब. कामात लक्ष लागेना."

"काढून टाकलास? सगळं गेलं?"

"सगळं."

त्यांनी फोनवरची यादी पुन्हा एकदा वर-खाली सरकवून पाहिली.

"तुझं कायमचं मी मागच्याच आठवड्यात वर पाठवलं. मंजूर झालंय. वरून विचारलं, या पोरीत काय आहे? म्हटलं, चिकाटी आहे, मी रोज बघतोय." त्यांनी घसा साफ केला. "दुसऱ्या शनीच्या वेळी जागा कशी उरवलीस, ते विचारायचं होतं. चारचौघांत विचारणं बरं दिसलं नसतं."

मी कमरेत वाकून आभार मानले, जिन्यात गेले आणि पायरीवर बसून हमसून हमसून रडले. ताक ताई मागोमाग आल्या आणि पाठीवरून हात फिरवू लागल्या.

"रड गं, रड," त्या म्हणाल्या. "कायम होणं काय साधी गोष्ट आहे?"

डोळ्यांपुढे दोन्ही शनी फिरत असताना मी होकारार्थी मान हलवली.