वर्तुळावरचे सहा बिंदू

१२ मार्च. सकाळपासून बारीक पाऊस. छपरावर कालचा बर्फ तसाच.

मी फळ्यावर वर्तुळं काढणारा लाकडी कंपास बोलतोय. या बल्गेरियन गावातल्या सुतारानं मला बीच नावाच्या झाडाच्या लाकडातून घडवलं. पुढचं आयुष्य गणिताच्या मेतोदी सरांच्या हातात गेलं. वर्तुळ काढलं की त्याच मापानं मला कडेकडेनं सहा पावलं चालवायचं, हा त्यांचा नेम. सर निवृत्त झाले, भिंतीवर विजेचा पडदा आला आणि मी कपाटावर धूळ खात पडलो.

आज स्नेझिना बाईंनी मला खाली काढून पुसलं. त्या सरांच्याच विद्यार्थिनी. नोकरी तात्पुरती. तपासणीला येऊन मागच्या बाकावर बसलेल्या काराजोव्ह साहेबांना आजचा पाठ पटला तर कायम. नाहीतर बहिणीसारखं जर्मनीत म्हातारी माणसं सांभाळायला जायचं. बाईंचा तळहात इतका घामेजला होता की मी दोनदा निसटलो.

पाठ संख्यामालिकेचा. वर्तुळाच्या कडेवर एकेक बिंदू वाढवायचा, तो बाकी सगळ्यांना जोडायचा आणि आतले तुकडे मोजायचे. दोन बिंदूंना दोन तुकडे, तीनला चार, चारला आठ, पाचला सोळा. मुलं सैलावली.

"सहाला बत्तीस. यात मोजायचं काय, बाई?" वेसेला म्हणाली.

बाईंना हेच हवं होतं. खरं उत्तर एकतीस. दुप्पट दिसतंय म्हणून दुप्पट धरू नका, हे त्यांना शिकवायचं होतं. मुलांनी मोजले. तीस. पुन्हा मोजले. तीसच.

"तुमच्या टाचणात एकतीस आहे," साहेब म्हणाले.

बाईंनी स्वतः एकेक तुकडा मोजला. तीसच. मला मात्र कळून चुकलं होतं. घाबरलेल्या हातानं सरांच्या नेमानंच मला चालवलं होतं. सगळे बिंदू सारख्या अंतरावर पडले होते.

वेसेला उठून पुढे आली. "मधे बघा ना, बाई. तीन रेघा एकाच जागेवर बसल्यात, बाजाराच्या बसमधे बसतात तशा. एकीला सरकायला सांगा."

वर्ग हसला. बाईंनी एक बिंदू पुसून कडेवरच जरा बाजूला घेतला, रेघा नव्यानं जोडल्या. मधोमध नखाएवढा त्रिकोण उघडला.

"एकतीस," वेसेला मोजून म्हणाली. "मग माझे बत्तीस गेले कुठे?"

"ते तू मोजले नव्हतेस गं. धरून चालली होतीस."

मुलांनो, माझं एवढंच मागणं आहे. पाच वेळा जुळलं तरी सहाव्यांदा मोजून बघा.

दुपारी निर्णय आला. बाईंना कायम केलं नाही, पण एक वर्षाची मुदतवाढ मिळाली. मला फळ्याशेजारच्या खिळ्याला अडकवलं आहे.