उजवीकडची टेकडी

आपल्या गेलेल्या बायकोच्या, नेल्बाच्या, शेवटच्या लाकडी ठशाला ओरासियोनं शाई लावली, ती इर्मानं तगादाच लावला म्हणून. इर्मा चित्रमंडळाचं काम बघायची. मंडळाचे सभासद म्हणजे मोन्तेविदेओच्या बंदरातले हमाल, खाटीक, शाळेत शिकवणाऱ्या बाया. वर्गणीच्या बदल्यात दर महिन्याला त्यांच्या घरी एक छापलेलं चित्र जायचं. या महिन्याला नेल्बाचं जावं, असं सगळ्यांचं ठरलं होतं.

पहिला कागद ठशावरून उचलला आणि ओरासियोचे हात थांबले. खाडी होती, बोटी होत्या, पण टेकडी उजवीकडे आली होती. त्याच्या नि नेल्बाच्या घरच्या खिडकीतून ती डावीकडे दिसते.

छापताना चित्र उलटतं, म्हणून ठशावर ते उलटंच कोरायचं असतं. हे विसरतो तो नवशिका. आणि नेल्बाचा तर सगळा जन्म त्यात गेला. चामड्याच्या कारखान्यातल्या कामगाराची ही मुलगी आधी दुकानांच्या पाट्या रंगवायची, मग तैलचित्रं काढू लागली. एक तैलचित्र एकाच घरात लागतं म्हणून तेही सोडून ठशांकडे वळली. लष्कराच्या राज्यात प्रदर्शनं बंद पडली, तेव्हा स्वयंपाकघरात चमच्याच्या पाठीनं कागद घासून चित्रं छापली. चुकलेलं चित्र मात्र तिनं कधी बाहेर जाऊ दिलं नाही. एकदा बोटीच्या दोरीची एक रेघ तुटली, तर वाळलेला गठ्ठाच्या गठ्ठा तिनं चुलीत घातला होता.

इर्मा म्हणाली, "दे की तसंच. टेकडी कुठंय ते कोण बघतंय?"

"हमाल बघतील. रोज तिथंच असतात ते. म्हणतील, बाई शेवटी भ्रमिष्ट झाली."

"मग घाल चुलीत. पण उद्या सकाळी मला काय ते सांग."

ओरासियो तो कागद घेऊन घरी आला. तिचं शेवटचं काम जाळायचं, की लोकांना तिला हसू द्यायचं? नेल्बा गेल्यापासून तो बाहेरच्या कोचावरच झोपत होता. आज आत गेला आणि पलंगावर, तिच्या बाजूला आडवा झाला.

आजारपणात खिडकीतलं वारं तिच्या तोंडावर यायचं, म्हणून त्यानंच पलंग फिरवून खिडकी उशाशी आणली होती. तेव्हा ती चिडली होती. "म्हाताऱ्या, माझी खाडी पळवलीस तू." पुढे कुरकुर थांबली. बिचारीनं आशा सोडली, असं त्याला वाटलं होतं. त्या दिवसांत ती मांडीवर फळी घेऊन कोरत बसायची, आणि तो बाहेर तिच्यासाठी सूप गरम करत असायचा.

त्यानं समोर पाहिलं. पलंगाच्या पायथ्याशी कपाट होतं. कपाटाच्या आरशात खाडी होती, बोटी होत्या आणि टेकडी होती, उजवीकडे.

त्यानं तो कागद आणून आरशाशेजारी धरला; दोन्ही जुळत होते.

सकाळी त्यानं इर्माला सगळं सांगितलं. तिनं हातातला माते-चहाचा पेला त्याच्यापुढे केला आणि मग विचारलं, "सभासदांना काय सांगू?"

"काही सांगू नकोस. चित्र बरोबर आहे."

"आणि कुणी विचारलंच तर?"

"माझ्याकडे पाठव," ओरासियो शाईचा रूळ उचलत म्हणाला. "पलंग तिथंच आहे."